पुतोराना समजायला सातपुड्याचा काळा दगड पुरे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत उत्तर सैबेरियातील पुतोराना पठाराची माहिती आली, याचा मनापासून आनंद झाला. एवढ्या दूरच्या, फारशा कुणी न पाहिलेल्या मुलखावर मराठीत सहसा काही छापून येत नाही. पण खान्देशातली मुलं ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात आणि परीक्षेत तेच शब्द उतरवतात. म्हणून त्या माहितीतल्या तीन विधानांची दुरुस्ती लवकर व्हावी असं वाटतं. पुतोरानाला 'सपाट प्रदेश' म्हटलं आहे, 'वर्षभर बर्फाखाली असतो' असं म्हटलं आहे आणि 'हिमालयासारखा घडीचा पर्वत' म्हटलं आहे. तिन्ही चूक. तिसरी चूक सर्वांत जास्त खटकली, कारण पुतोराना ज्या दगडाचं आहे, त्याच जातीच्या दगडावर आपली घरं उभी आहेत आणि विहिरीही त्यातच खोदलेल्या आहेत.

आधी जागा नक्की करू. रशियातल्या येनिसेय नदीच्या पूर्वेला, आर्क्टिक वृत्ताच्या आसपास आणि त्याच्या उत्तरेला हे पठार पसरलं आहे. जवळचं मोठं शहर नोरिल्स्क, अक्षांश सुमारे ६९.३ अंश उत्तर. जळगाव २१ अंशांवर. फरक ४८ अंशांचा. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर दक्षिणोत्तर अंतर ५,३०० किलोमीटरांहून थोडं अधिक भरतं. सर्वांत उंच माथा कामेन, १,७०१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) फक्त ५५ मीटरनं उंच. 'सैबेरियातला पर्वत' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे एव्हरेस्ट उभं राहतं, ते या एका आकड्यानं खाली येतं. पठाराचा जो गाभा २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तो सुमारे १८,८७० चौरस किलोमीटरांचा, जळगाव जिल्ह्याच्या साधारण १.६ पट आहे. त्यात गाव नाही, रस्ता नाही. नोरिल्स्कलासुद्धा उर्वरित रशियाशी जोडणारा रस्ता किंवा लोहमार्ग नाही; येनिसेयवरच्या दुदिन्का बंदरापर्यंत एक लोहमार्ग आहे, बाकी सगळं विमानानं नाहीतर जहाजानं.

आता दगड. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आपल्याकडे हेच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालं. दोन्हीकडे बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, दोन्हीकडे आडवे थर, आणि दोन्हींचं शास्त्रीय नाव 'ट्रॅप'. हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. घडीच्या पर्वतात थर दुमडतात, वाकतात, उभे होतात. इथे ते वहीच्या पानांसारखे आडवेच राहिले आहेत. हिमालयाशी तुलना चूक ठरते ती इथे.

पायऱ्या का पडतात, हे पाहायला सैबेरियात जायची गरज नाही. वाघूर नदी अजिंठ्याच्या घळीत सात टप्प्यांनी उडी घेते, ती जागा पाहावी. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, एकसंध. वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. ती छिद्रं पुढे गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट या खनिजांनी भरतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूची तांबडी पट्टी असते: एक थर थंड होऊन उघड्यावर पडला, त्याच्या माथ्याची माती झाली आणि मग दुसऱ्या लाव्ह्यानं ती भाजली. मऊ भाग आधी झिजतो, घट्ट भागाचा आधार जातो, तो उभा कोसळतो. कडा, मग उतार, पुन्हा कडा. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला महामार्गावरून पाहिला तरी या पट्ट्या मोजता येतात. पुतोरानाच्या फोटोत हेच दिसतं, फक्त कितीतरी मोठ्या मापात आणि प्रत्येक पायरीवर बर्फाची पांढरी रेघ ओढलेली. फोटो नुसता छापण्याऐवजी त्यातल्या पायऱ्या मोजायला सांगाव्यात. मुलं चुकत नाहीत.

मग 'पठार म्हणजे सपाट' ही चूक कुठून आली? माथ्यावरून. वरचा घट्ट थर आडवा असल्यानं माथे खरोखर टेबलासारखे आहेत. पण दोन माथ्यांच्या मध्ये जी दरी आहे ती पाहिली की 'सपाट' शब्द टिकत नाही. माथे हजार मीटरांच्या घरात, आणि पश्चिमेकडच्या लामा सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही खाली. लामा सुमारे ८० किलोमीटर लांब, अरुंद आणि २०० मीटरांहून खोल आहे. दक्षिणेकडचं खान्तायस्कोये तर रशियातल्या सर्वांत खोल सरोवरांपैकी एक. हजारो सरोवरं आहेत, आणि पुतोराना हे नावसुद्धा उभ्या काठांच्या तळ्यांचा मुलूख या अर्थाच्या, एवेंकी या तिथल्या भाषेतल्या शब्दांवरून आल्याचं सांगतात.

दगड एकच, तर सातपुड्यात अशी सरोवरं का नाहीत? हा प्रश्न वर्गात विचारलाच पाहिजे. उत्तर आहे हिमनदी. आपल्या घळी पाण्यानं कापल्या. पाणी तळाशीच घासतं, म्हणून दरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आणि पाणी उतारानंच जाणार, म्हणून मध्ये खड्डा राहत नाही. हिमनदी दरीच्या पूर्ण रुंदीनं घासते, तळ आणि बाजू एकदम, म्हणून दरी यू अक्षरासारखी होते. शिवाय मागच्या बर्फाच्या दाबानं ती थोडा चढही चढते, त्यामुळे मधला तळ तोंडापेक्षा खोल कोरला जातो. हिमयुग सरल्यावर त्या खोलगटांत पाणी साठलं आणि तोंडाशी गोट्यामातीचा बांध राहिला. आज तिथे हिमनद्या नावापुरत्याच आहेत. कोरीव काम जुनं आहे. आपल्याकडे तोरणमाळचा तलाव वगळला तर उंचावर पाणी दिसायला धरणच बांधावं लागतं. तापीचं खोरं वेगळ्याच कारणानं खोल आहे: तिथे जमीन खचली आणि खचलेल्या भागात शेकडो मीटर गाळ भरला.

पुरवणीतली 'वर्षभर बर्फाखाली' ही चूक मात्र समजण्यासारखी आहे. आठ-नऊ महिने बर्फ असतो हे खरं. नोरिल्स्कचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे २५ अंशांच्याही खाली. पण जुलैत सरासरी १४ अंशांच्या आसपास असते, उतार हिरवे होतात, डासांचे थवे उठतात. आणि हिवाळ्यात दरीचा तळ माथ्यापेक्षा अधिक थंड असतो, हे उलटं वाटणारं सत्य यावल-रावेरच्या केळी बागायतदाराला समजावून सांगावं लागणार नाही. थंड हवा जड, ती सखल जागी साचते. म्हणून थंडीच्या लाटेत नदीकाठच्या, खोलगट वावरातल्या केळीला चरका आधी बसतो. म्हणून रात्री पाणी द्यायचं, बांधावर धूर करायचा. तिकडे वारा पडला की हीच हवा महिनोन्महिने दरीत तुंबून राहते.

दगडाचं पुढे काय होतं, ते तर दोन्हीकडे अगदी उलट. ऊन आणि पाऊस दोन्ही मिळाल्यानं आपला बेसाल्ट रासायनिक रीतीनं कुजतो: कातळाचा मुरूम, मुरुमाची माती, आणि सखल जागी फुगणारी काळी कपाशीची माती. पुतोरानात रासायनिक कुजणं जवळजवळ थांबलेलं. तिथे काम करतं ते गोठणारं पाणी. पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. भेगेत शिरलेलं पाणी गोठलं की पाचर ठोकल्यासारखा दगड फुटतो. वितळतं, आणखी आत शिरतं, पुन्हा गोठतं. म्हणून उतारांवर माती नाही, नुसते धारदार गोटे, एकावर एक, पायाखाली हलणारे. रशियन भाषेत या दगडी पसाऱ्याला 'कुरुम' म्हणतात. आपल्या मुरुमाशी नाव जुळतं पण शब्दांचं नातं नाही. तरी एक बेसाल्ट उन्हात कुजून मुरूम झाला आणि दुसरा थंडीत फुटून कुरुम, असं सांगितलं तर मूल जन्मात विसरणार नाही.

झाडांबद्दल थोडक्यात. दरीत लार्चचं अरण्य, वर टुंड्रा, माथ्यावर उघडा दगड. लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळ्या सुया गाळतो. आपल्या डोंगरातला साग उन्हाळ्यात पानं गाळतो. कारण मुळात एकच: मुळांना पाणी मिळत नाही. इकडे पाणी आटलेलं, तिकडे गोठलेलं. रेनडिअरच्या कळपांची वाट या पठारावरून जाते आणि पुतोरानाची हिममेंढी इतर हिममेंढ्यांपासून फार दूर, एकटी पडलेली आहे; पुरवणीत हा भाग बरोबर आला आहे.

जो विषय अजिबात आला नाही, तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कायम गोठलेली जमीन. दोन किंवा अधिक वर्षं सलग शून्य अंशांवर किंवा त्याखाली राहिलेली कोणतीही जमीन या व्याख्येत बसते. तो बर्फाचा थर नव्हे; कातळ, गोटे, गाळ काहीही असू शकतं. पुतोरानाच्या परिसरात ती शेकडो मीटर खोल आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, कुठे अर्धा मीटर, कुठे दोन. त्याखाली पाणी मुरत नाही, म्हणून मुलूख ओला, दलदलीचा. पाऊस फार पडतो म्हणून नव्हे. तळ गच्च आहे म्हणून.

अशा जमिनीवर घर बांधायचं तर आपल्या गवंड्याचा नियम उलटा करावा लागतो. काळ्या मातीत आपण पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेतो, कारण माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर जाते. तिकडे भीती पाण्याची नाही, उबेची. घर गरम ठेवावंच लागतं, आणि तीच ऊब खाली उतरली तर जमीन वितळून चिखल होते. म्हणून जमिनीत भोकं पाडून काँक्रीटचे खांब सोडतात, भोवती ओली माती-वाळू ओततात आणि ती गोठू देतात. खांब जमिनीला गोठून चिकटतो. तीच त्याची पकड. घर त्या खांबांवर, जमिनीपासून मीटरभर किंवा अधिक वर. मधल्या मोकळ्या जागेतून हिवाळ्याचा वारा वाहिला पाहिजे. बिघडतं ते इथेच: गरम पाण्याची नळी गळते आणि कुणी पाहत नाही, कुणी बर्फाचा ढीग लोटून ती फट बुजवतं, कुणी तिथे सामान रचतं. एका बाजूची जमीन मऊ होते, त्या बाजूचे खांब बसतात, आणि भिंतीला चीर जाते ती आपल्याकडच्यासारखीच तिरकी.

२९ मे २०२० रोजी नोरिल्स्कजवळ डिझेलची मोठी टाकी खचून फुटली आणि सुमारे २१ हजार टन इंधन वाहून गेलं. अंबारनाया नदी लाल झाली. काहींनी वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं, तपासात बांधणीतले दोषही पुढे आले. ही नदी प्यासिनो सरोवराला मिळते, तिथून प्यासिना नदी थेट आर्क्टिक महासागराकडे जाते, आणि लामा सरोवराचं पाणीही शेवटी प्यासिनोतच येतं. नकाशावर ही साखळी बोटानं दाखवली की सरोवरं, उतार, गोठलेली जमीन हे सगळं एकमेकांत कसं गुंतलं आहे ते कळतं.

गोठलेल्या जमिनीची पकड शाळेत दाखवता येते, आणि खर्च काही नाही. एक किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा. तीन वाट्या बारीक वाळू आणि एक वाटी काळी माती मिसळावी. पाणी हळूहळू घालावं, पृष्ठभाग चकाकू लागला की थांबावं. मिश्रण डब्याच्या तीन चतुर्थांशापर्यंतच भरावं आणि त्यात चार पेन्सिली चार कोपऱ्यांत, निम्म्यापर्यंत रोवाव्यात. डबा बर्फाच्या कप्प्यात पूर्ण २४ तास ठेवावा. बाहेर काढल्यावर पेन्सिल ओढून पाहावी, हलत नाही. चारही पेन्सिलींवर छोटी फळी आणि फळीवर एखादं जाड पुस्तक ठेवावं. मग डब्याच्या एकाच बाजूला गरम पाण्यानं भरलेला पेला टेकवावा, आणि निवला की पुन्हा गरम पाणी भरावं. थोड्या वेळात त्या बाजूच्या दोन पेन्सिली सैल होतात आणि पुस्तक कलतं. पाणी कमी पडलं तर माती भुसभुशीत राहते, पकड येत नाही. पाणी जास्त झालं तर माती तळाशी बसते आणि वर नुसता बर्फ येतो. पेन्सिली बर्फात उभ्या राहतात, जमिनीत नाही, आणि प्रयोगाचा अर्थच जातो. डबा काठोकाठ भरला तर वरचा भाग फुगून बाहेर येतो. काचेची बरणी वापरू नये, गोठताना तडकते.

सूर्याचंही एक गणित पुरवणीत द्यावं. 'सहा महिने दिवस, सहा महिने रात्र' हे फक्त ध्रुवाच्या बिंदूला लागू आहे, नोरिल्स्कला नाही. मध्यान्हीची सूर्याची उंची काढायला ९० मधून अक्षांश वजा करायचा, २१ जूनला २३.४ मिळवायचे, २२ डिसेंबरला २३.४ वजा करायचे. नोरिल्स्कला जूनच्या मध्यान्ही ४४.१ अंश येतात. जळगावला डिसेंबरच्या मध्यान्ही ४५.६. म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य आपल्या भर हिवाळ्यातल्या दुपारच्या सूर्यापेक्षाही किंचित खाली. फरक इतकाच की तिकडे तो मावळत नाही, मध्यरात्रीही क्षितिजाच्या पावणेतीन अंश वर फिरत राहतो. डिसेंबरात उत्तर उणे २.७ येतं: सूर्य उगवत नाही, पण क्षितिजाच्या जेमतेम खाली असल्यानं दुपारी संधिप्रकाश असतो, काळोख नव्हे. जळगावसाठी जूनचं उत्तर ९० च्या वर जातं, तेव्हा मुलं गोंधळतात. सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकला एवढाच त्याचा अर्थ, १८० मधून वजा करावं.

शेवटी नकाशा. पुरवणीत जगाचा जो आयताकृती नकाशा छापला, तो मर्केटर पद्धतीचा आहे. या पद्धतीत ६९ अंशांवरचं क्षेत्र सुमारे आठपट फुगतं, खान्देशच्या अक्षांशावरचं जेमतेम सव्वापटीच्या आत. म्हणजे पुतोराना आपल्या मुलखाच्या तुलनेत सातपट मोठं दिसतं. त्याऐवजी पृथ्वीगोलाचा फोटो छापावा. वर्गात ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर जळगावच्या अक्षांशापासून नोरिल्स्कच्या अक्षांशापर्यंत रेखावृत्तावर दोरा धरावा. तो साडेबारा सेंटिमीटरांच्या आसपास भरला पाहिजे.

दुरुस्ती छापताना दोन उभे छेद शेजारी शेजारी द्यावेत ही विनंती: एक लामा सरोवराच्या दरीचा, दुसरा यावलजवळ तापीपासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंतचा. दोन्हींना एकच प्रमाण हवं: आडवं १ सेंटिमीटरला २ किलोमीटर, उभं १ सेंटिमीटरला २०० मीटर. आणि 'उभं प्रमाण दहापट' हे छेदाखाली ठळक छापावं. ते राहिलं तर साधा उतारही भिंतीसारखा दिसतो, आणि 'सपाट' पुसायला जावं तर त्या जागी दुसरी चूक वहीत चिकटायची. छेद काढून देण्याची आमची तयारी आहे. मागणी आल्यास आठ दिवसांत पाठवू.

आपले,
चोपडा, यावल व अमळनेर तालुक्यांतील काही भूगोल शिक्षक